दहा माणसं आणि एक तलाव

आमच्या पुण्याच्या जावयांना दर दिवाळीत समुद्र आठवतो. वास्तविक पुण्याला समुद्र नाही आणि भोपाळला तर त्याचा वासही येत नाही. पण फराळाचं ताट पुढ्यात आलं की ते चकली मोडता मोडता म्हणतात, "एकदा सगळ्यांनी मिळून क्रूझ करायलाच हवी. आई-बाबा, आत्या, मुलं, सगळे. थ्री जनरेशन्स!" हे 'थ्री जनरेशन्स' ते इतक्या मायेनं उच्चारतात, की तीन पिढ्यांना मिळून एकच तिकीट लागतं असं वाटावं.

पहिल्यांदा त्यांनी हे काढलं ते २०१८ साली. त्या ऑक्टोबरात मुंबईहून गोव्याला जाणारी 'आंग्रिया' सुरू झाली होती. बाबांना नाव फार आवडलं. त्यांनी लगेच कान्होजी आंग्र्यांपासून सुरुवात केली, तिथून विजयदुर्गावर आले, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात पाण्याखाली आंग्रिया नावाचा प्रवाळाचा पठारासारखा उंचवटा आहे तिथवर पोचले, आणि जेवणं उरकेपर्यंत परत आले. जायचं की नाही, हे तेवढं राहून गेलं. पुढच्या दिवाळीत आत्यांचा मोतीबिंदू निघाला. त्याच्या पुढच्या दिवाळीत कोविड. आमचं ठरेपर्यंत आंग्रिया बंद झाली.

आमच्या घराण्याची ही एक खोडच आहे. आम्ही कुठे जाताना ठरवून गेलेलो नाही. भोपाळला आलो तेही असंच. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची झाली. त्या वेळी ज्या फायली नागपूरहून इकडे आल्या, त्यांतल्या एकीच्या मागोमाग आमचे आजोबा आले. बाबा तेव्हा सात वर्षांचे, आत्या तेरा. पुढे आत्यांचं लग्न नागपुरात झालं आणि त्या परत गेल्या. गेली साठ वर्षं त्या भोपाळला येतात त्या प्रामुख्यानं भोपाळला नावं ठेवायला. इथल्या संत्र्यांना चव नाही, इथल्या तर्रीला तिखट नाही, इथले लोक चहात मीठ घालतात. यातलं शेवटचं खरं आहे.

तर मागच्या दिवाळीत जावयांनी पुन्हा समुद्र काढला. मुंबईहून चार रात्रींची क्रूझ. माझ्या बहिणीनं एक्सेलचा तक्ता करून घरच्या ग्रुपवर टाकला. दहा माणसं, चार केबिनी. आई आणि बाबा, आत्या, मी आणि बायको, बहीण आणि जावई, आमचे चिरंजीव (वय अकरा), भाची (पंधरा) आणि भाचा (आठ). तक्त्यात सगळ्यांची नावं होती. कोण घोरतं, हा रकाना नव्हता, आणि सगळं तिथेच अडलं.

बाबा घोरतात हे सर्वमान्य आहे. आई घोरत नाही असं आई म्हणते. या मताला दुसरा अनुमोदक मिळालेला नाही. आत्या पहाटे चारला उठून देवापुढे दिवा लावतात. जहाजावर केबिनीत काडी ओढू देत नाहीत हे कळल्यावर त्यांनी अख्ख्या अरबी समुद्राला नापास केलं. भाचीला खिडकी हवी होती, पण लाटा बघायला नव्हे, रेंज यावी म्हणून. बाबांचा प्रश्न एकच होता: "सकाळी पेपर येतो का?" जावई म्हणाले, "बाबा, भर समुद्रात पेपर कोण टाकणार?" बाबा म्हणाले, "मग उठायचं कशासाठी?"

आईचं उत्तर सगळ्यांत गोड होतं. ती म्हणाली, "वन्सं येत असतील तर मी येते." नागपूरला फोन लावला तर आत्या म्हणाल्या, "ती येत असेल तर मीही येते." ज्याला आमच्या घरची भाषा येत नाही त्याला हे दोन होकार वाटतील. हे दोन नकार होते, आणि दोघींनाही ते दुसरीच्या नावावर जमा करायचे होते.

भाच्यानं तेवढ्यात मोबाइलवर जगातल्या सगळ्यांत मोठ्या क्रूझ जहाजांतलं एक काढून दाखवलं. 'आयकॉन ऑफ द सीज'. २०२४च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालं, लांबी सुमारे ३६५ मीटर, वीस मजले, साडेसात हजारांहून जास्त माणसं मावतात. आईनं चष्मा लावून फोटो बघितला आणि विचारलं, "इतक्या जणांच्या पोळ्या कोण लाटतं?" बाबा मात्र ३६५ या आकड्यापाशी थांबले. "राजा भोजाचेही ३६५च होते," ते म्हणाले. "काय?" "झरे." आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. ती पुढे तलावात येईलच, कारण त्यांनी ती तिथेही सांगितली.

तर समुद्र बारगळला. तेव्हा जावयांना एकदम सुचलं, "अहो, मग इथली क्रूझ आहे की! लेक प्रिन्सेस!"

इथे मला घसा खाकरावा लागला.

बोट क्लबवरून बड्या तलावात फिरणारी 'लेक प्रिन्सेस' ही दुमजली बोट म्हणजे भोपाळची क्रूझ होती. आम्ही तीत एकदा बसलो होतो, चिरंजीव चार वर्षांचे असताना. खालच्या मजल्यावर गाणी, वरच्या मजल्यावर वारा, आणि जिन्यावर आई. ती खाली जाईना, वर येईना. तिला डिझेलचा वास आला होता. "हा तलाव आपण पितो ना रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, भोपाळच्या बऱ्याच भागाला याचंच पाणी येतं. "मग यात डिझेल कशाला?" मी तिला पर्यटन, महसूल, रोजगार असं काहीबाही सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर आठवडाभर तिनं पाणी दोनदा उकळलं.

२०२३च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं आईच्या बाजूनं निकाल दिला. लवादाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळातच बसतं, त्यामुळे तिचा आवाज तिथवर गेला असावा असं आम्ही घरात म्हणतो. हा तलाव म्हणजे भोज पाणथळीचा भाग. धाकट्या तलावासकट २००२मध्ये तो रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. पिण्याचं पाणी आणि पाणथळ, दोन्ही बघून लवादानं क्रूझ आणि मोटारबोटींना मनाई केली. आदेश बराच लांब आहे. आईचा एका ओळीत होता.

"म्हणजे तीही बंद?" जावई म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं. आम्ही ज्या बोटीत बसायचं ठरवतो ती बंद होते, हे त्यांना सासुरवाडीचा एक कुलाचार म्हणूनच सांगायला हवं होतं.

पण डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली: तलावात वीस शिकारे आले. दल सरोवरात असतात तसे, वर छत, बाजूला पडदे, गाद्या, आणि इंजिन नाही, वल्ह्यानं चालणारे. मी बातमी ग्रुपवर टाकली. पहिल्यांदा आईचा अंगठा आला. नाताळच्या सुट्टीत पुण्याची मंडळी आली, नागपूरहून आत्या आल्या, आणि एका दुपारी साडेतीनला दहा जणांचं आमचं आरमार घराबाहेर पडलं. साडेतीनची वेळ तीनची ठरली होती, आणि तीनची अडीचची.

सामान सांगतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, लिंबाचं लोणचं, बेसनाचे लाडू, पाण्याच्या चार बाटल्या (पिण्याच्या पाण्याच्या तलावावर जाताना), बाबांची माकडटोपी, आत्यांची शाल, त्यावर घ्यायची दुसरी शाल, आल्याच्या वड्या, कारण बोट लागते. "आत्या, तलावात बोट लागत नाही," मी म्हटलं. "तुला काय माहीत? मला नागपुरात फुटाळ्याच्या काठावरून नुसतं बघून लागली होती." मग फुटाळा, अंबाझरी यांचं वर्णन झालं. भोपाळचे लोक म्हणतात की तलाव म्हणावा तो भोपाळचाच, बाकीची सगळी तळी. बाबा ते बोलायला गेले, पण अक्कांच्या, म्हणजे आत्यांच्या, तोंडाला लागायचं नाही हे त्यांना सातव्या वर्षापासून माहीत आहे.

बोट क्लबवर पहिला अडथळा लाइफ जॅकेटचा. ते घातल्याशिवाय बसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण आईनं साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल घेतली होती. त्यावर जॅकेट चढवल्यावर तिला हात खाली घेता येईनात. ती भांगडा करायच्या तयारीत असल्यासारखी उभी राहिली. पर्स जॅकेटच्या आत गेली होती आणि पर्समध्ये तिकिटांचे सुटे पैसे होते. आत्यांची तक्रार वेगळी. "हे कोणी कोणी घातलं असेल!" त्यांनी पिशवीतून एक धुतलेला पंचा काढला, जॅकेटच्या आत गळ्याभोवती नीट घडी घालून बसवला, आणि मगच पट्टा आवळू दिला. माझी बायको म्हणाली, "आत्या, सोवळ्यातलं लाइफ जॅकेट." आत्यांनी हे कौतुक समजून मान डोलवली.

दुसरा अडथळा मोठा होता. एका शिकाऱ्यात आमच्यासारखी दहा माणसं मावत नाहीत. म्हणजे थ्री जनरेशन्सचे दोन तुकडे करायचे. बहिणीनं मोबाइलवर तक्ता उघडला. नावाडी तिशीचा, अंगानं काटक. त्यानं तक्त्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं, भाजीवाला वांग्याकडे पाहतो तसं. त्याला फक्त वजन दिसत होतं. "अम्मा, आप इधर बीच में. जीजाजी, आप अम्मा के सामने. बाबूजी उधर. बच्चा लोग आगे." अर्ध्या मिनिटात त्यानं घराण्याची फाळणी केली. नातं, मान, राग, लोभ, कोण कोणाशी दिवाळीपासून बोलत नाही, यातलं काहीही त्यानं विचारात घेतलं नाही. आणि मला कबूल करायला हवं की एवढी चांगली वाटणी आमच्यात कुणालाही जमली नसती.

पहिल्या शिकाऱ्यात आत्या, आई, जावई, चिरंजीव आणि भाची. दुसऱ्यात बाबा, मी, बायको, बहीण आणि भाचा. वन्सं आणि भावजय एकाच गादीवर, समोर जावई. जावईबापूंपुढे दोघींना भांडता येईना. जावयांना सासू आणि सासूची नणंद यांच्यापुढे पाय पसरता येईनात. अख्खा वेळ ते मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, सत्यनारायणाला बसल्यासारखे बसले होते. ज्यांनी सात वर्षं क्रूझचा ध्यास घेतला, त्यांना ती अशी मिळाली.

शिकाऱ्यात पाय ठेवताना आईनं चपला काढल्या. नावाडी म्हणाला, "अम्मा, पहने रहो." आई म्हणाली, "पीने का पानी है बेटा." तो बघतच राहिला. मग त्यानंही रबरी सपाता काढून पाटीखाली सारल्या. हे पाहून जावयांना बूट काढावे लागले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सासुरवाडीत ते आजवर कुणाला दिसलं नव्हतं.

काठ सुटला आणि गंमत झाली. आवाज गेला. रस्त्यावरचे हॉर्न, काठावरच्या फुगेवाल्याची पिपाणी, सगळं मागे राहिलं आणि वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा उरला. तीन-चार मिनिटं दोन्ही शिकाऱ्यांत कुणी बोललं नाही. आमच्या घरात इतका वेळ शांतता शेवटची झाली ती दहावीच्या निकालाच्या दिवशी.

ती बाबांनी मोडली. पलीकडे व्हीआयपी रस्त्याच्या कडेला बुरुजावर राजा भोजाचा पुतळा दिसला आणि ते सरसावले. अकराव्या शतकातला धारचा परमार राजा. त्याला त्वचेचा रोग जडला. साधूनं सांगितलं, ३६५ झऱ्यांचं पाणी एकत्र करून तळं बांध आणि त्यात स्नान कर. झरे कमी पडले, तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदारानं एक लपलेली नदी दाखवली. तीच कलियासोत. "खरं म्हणजे ही कथा भोजपूरच्या तळ्याची," बाबा म्हणाले, "ते पंधराव्या शतकात होशंगशाहानं फोडलं. पण लोक दोन्हींकडे सांगतात." आम्ही चौघं ऐकत होतो, म्हणजे भाचा चिप्स खात होता. पण पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडच्या शिकाऱ्यातून आत्यांनी विचारलं, "बाळ, त्वचेचा कोणता रोग?"

शहात्तर वर्षांचा बाळ म्हणाला, "ते लिहिलेलं नाही, अक्का."

"खाज होती का?"

"असेल."

आत्यांना गेली चार वर्षं कोपराला इसब आहे. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही शाली वर सारल्या, आणि कोपर तलावात बुडवलं. आई किंचाळली, "वन्सं! पिण्याचं पाणी!" कोपर बाहेर आलं. मग बराच वेळ त्या शिकाऱ्यात जावई दूर क्षितिजाकडे बघत होते.

बाबांना थांबवणं आता शक्य नव्हतं. राजा भोजावरून ते सरळ बाजीरावावर आले. डिसेंबर १७३७. निजाम भोपाळात अडकला, पाठीला हाच तलाव, पुढे बाजीराव. रसद तोडली. जानेवारी १७३८मध्ये दोराहा सराईला तह झाला. माळवा दिला, नर्मदा आणि चंबळेमधला मुलूख दिला, पन्नास लाख कबूल केले. "म्हणजे निजामाला उतरायला जागा नव्हती," भाचा म्हणाला. त्याचं पहिल्यांदाच लक्ष होतं. "अगदी बरोबर!" बाबा खूश झाले. भाच्यानं शिकाऱ्याच्या कडेवरून पाण्यात पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि निजामाबद्दल त्याला सहानुभूती वाटत असल्याचं स्पष्ट दिसलं.

वनविहाराच्या बाजूला पाण्यावर काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी होते. भाचीनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "कूट." मी म्हटलं, मराठीत याला वारकरी म्हणतात. कपाळाच्या टिळ्यामुळे असेल. आत्यांनी लगेच हात जोडले. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवत बसले होते. त्यांचा अवतार जॅकेट घातलेल्या आईशी इतका मिळताजुळता होता, की मी बायकोकडे पाहायचं टाळलं आणि तिनं माझ्याकडे. मध्ये तकिया बेट दिसलं, त्यावरची मजार दिसली, लांब ताजुल मसाजिदचे मिनार धुक्यात निळे होत चालले होते. एकतीस चौरस किलोमीटरचा तलाव, पण माणसाला त्यात सूर्य बुडतो तेवढाच भाग दिसतो. तो लाल झाला होता.

तेवढ्यात दोन्ही शिकारे शेजारी शेजारी आले आणि पुऱ्यांची देवाणघेवाण सुरू झाली. आईनं डबा पुढे केला, बहिणीनं तो मध्येच पकडला, एक लाडू पाण्यात पडला. कागद, पिशव्या, चिप्सचं पाकीट, सगळं आईनं मोजून पर्समध्ये भरलं होतं. लाडवाचा मात्र इलाज नव्हता. तो बुडताना तिनं ज्या नजरेनं पाहिलं त्यात खंत कमी आणि हिशोब जास्त होता: आता हा कुणाच्या नळाला येणार? नावाडी म्हणाला, "मछली खा लेगी अम्मा, फिकर नॉट."

उतरल्यावर काठावर चहा घेतला. भोपाळी चहा, चिमूटभर मिठाचा. जावयांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. साठ वर्षं या चहाला नावं ठेवणाऱ्या आत्या म्हणाल्या, "प्या हो. सवय होते." आणि दुसरा कप मागवला.

समुद्राच्या क्रूझबद्दल माझं आता एक मत झालं आहे. चार रात्रींच्या जहाजावर आम्ही दहा जणांनी दुसऱ्या दिवशीच एकमेकांना निजाम करून टाकलं असतं. तीन पिढ्यांना एका पाण्यावर बसवायचं तर इंजिन नको, केबिन नको, घोरायला अवधी मिळू नये, आणि कोण कुठे बसेल हे आपल्याला ओळखत नसलेल्या माणसानं ठरवावं. काठ सतत दिसत असावा.

रात्री घरी आल्यावर आत्यांनी कोपर दिव्याखाली धरून पाहिलं. लाली कमी वाटते असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी लगेच ठरवूनही टाकलं: पुढच्या डिसेंबरात पुन्हा, आणि या वेळी नागपूरची सगळी मंडळी घेऊन. सतरा जण. बहिणीनं तक्ता करायला घेतला आहे.

तेव्हा ज्यांना भोपाळच्या शिकाऱ्यात बसायचं असेल, त्यांनी पुढच्या डिसेंबराच्या आधीच येऊन बसून घ्यावं.